थाविनची गाडी वळताना रडायची

माझ्या नवऱ्याला भुतांचा राग आहे. भीती नव्हे, राग. आमच्या गॅरेजात येणाऱ्या दहा गाड्यांपैकी तीन तरी भुतानं धरलेल्या असतात, असं त्यांच्या मालकांचं म्हणणं. कुणाच्या इंजिनात मेलेली सासू खोकते, कुणाच्या मागच्या चाकात कुणीतरी कण्हतं. खामपोन हात पुसत सगळं ऐकून घेतो आणि शांतपणे विचारतो, "तुमची सासू इंजिन गार असताना खोकते, की तापल्यावर?" माणूस विचारात पडतो. तेवढ्यात ह्यानं बॉनेट उघडून आत डोकं घातलेलंही असतं.

गॅरेजच्या तोंडाशी, छपराखाली मी सोमतम, म्हणजे कच्च्या पपईची तिखट कोशिंबीर, कुटते. अठ्ठावीस वर्षं कुटतेय. आणि अठ्ठावीस वर्षं तो आतून ओरडतोय, "लामाई, तो खलबत्ता थांबव, मला ऐकू दे!" मी बाहेरून ओरडते, "गिऱ्हाईक खोळंबलंय, तुझं इंजिन कुठं पळून चाललंय?" डाव्या कानानं त्याला ऐकू येत नाही. उजव्या कानाला लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ लावायची, टोक इंजिनावर टेकवायचं आणि डोळे मिटायचे, ही त्याची पद्धत. मग तो बोट ठेवून सांगतो, आवाज इथला. नवऱ्याचं कौतुक मी सहसा करत नाही, लगेच डोक्यावर बसतो, पण खरं ते खरं. त्याचं बोट चुकत नाही.

चुकलं ते थाविनच्या गाडीत.

थाविन त्याचा दोस्त. विशीत दोघांनी एकाच वर्षावासात चीवर घातलं, तीन महिने एकाच रस्त्यानं भिक्षा मागितली आणि चीवर उतरवलं त्या दिवशी एकाच दुकानासमोर पिऊन पडले. पुढं थाविननं नदीकाठी पुदिना, चवळीच्या शेंगा आणि केळफुलं लावली, एक जुनी पिकअप घेतली आणि रोज पहाटे भाजी वारिनच्या बाजारात न्यायला लागला. बुआपान, म्हणजे त्याची बायको, शेजारी बसायची. बुआपानताई गाडी त्याच्यापेक्षा बरी चालवायची, हे त्यालाही मान्य होतं.

भाताची कापणी चालू होती तेव्हा शेतातल्या पाण्यातून त्याला उंदरांचा ताप लागला. पाचव्या दिवशी नदीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात त्यानं प्राण सोडला. छप्पन्न वर्षांचा माणूस. अजून पटत नाही मला.

बाहेर मेलेल्या माणसाला घरी आणायचं तर कुणीतरी त्याच्या शेजारी बसून वाट सांगावी लागते. आता डावीकडे वळतोय, आता उजवीकडे, आता पूल आलाय, चल आमच्याबरोबर. पुलावरून एक नाणं खाली टाकायचं. नाही सांगितलं तर देह पुढे जातो आणि माणूस मागे राहतो, तिथंच रस्त्याच्या कडेला, कुणी न्यायला येईपर्यंत. आणि ज्यानं हाक मारायला घेतली, त्यानंच त्याला दारात पोचवायचं. ज्याला हसायचं त्यानं हसावं. स्वतःच्या घरचं माणूस गेलं की हसणारेही खाली मान घालून वाट सांगतात.

थाविनला आणताना त्याचीच पिकअप नेली होती. गाडी बुआपानच्या भावानं चालवली, बुआपान पुढे बसली. मागे हौद्यात थाविनच्या उशाशी उदबत्ती धरून खामपोन बसला. वाट सांगायचं काम त्यानं स्वतःहून मागून घेतलं. भुतांचा राग असलेल्या माणसानं! मी त्या गाडीत नव्हते, मी इकडे दीडशे माणसांचा चिकट भात वाफवत होते. असते तर बरं झालं असतं की वाईट, देव जाणे.

दहन झालं, सुतक सरलं, आणि तिसऱ्या आठवड्यात बुआपान गाडी घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

"दादा, गाडी रडते."

"कधी?" खामपोननं विचारलं.

"वळताना."

"आणि सरळ जाताना?"

"गप्प असते."

"मग ते रडणं नाही, बुआपान. स्टिअरिंगचा पंप आहे. चाक वळवलं की त्याच्यावर जोर येतो, म्हणून ओरडतो. भुताला काय सरळ आणि काय वळण?"

ती हळूच म्हणाली, "सरळ रस्त्यावर त्याला वाट कळते, दादा. वळणावरच तो विचारतो."

माझ्या हातातला दांडा खलात तसाच राहिला. खामपोनच्या तोंडावर त्याचं नेहमीचं उत्तर येईल म्हणून मी वाट बघत होते. आलं नाही. बुआपान बोलत राहिली, पुदिन्याच्या जुडीचा भाव सांगावा तितक्या साध्या आवाजात. थाविन घरी पोचला नाही, असं तिला वाटत होतं. शंभराव्या दिवशी भन्ते येणार, घरात पुण्यकर्म होणार, थाविनच्या नावानं पान वाढणार. तो घरातच नसेल तर ते जेवण कुणाला पोचणार? त्याच्या आधी तिला कळायला हवं होतं, तो आला की नाही. एवढंच तिचं म्हणणं. शंभर दिवसांतले वीस गेले होते.

"आधी पंप बघू," खामपोन म्हणाला आणि तोंड फिरवून बॉनेटखाली गेला.

गाडी चालू केली, चाक एका बाजूला पूर्ण वळवलं, आणि मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. आई गं! बारीक, चिरका, चाक जितकं वळवावं तितका वर चढणारा. खामपोननं स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला आणि लगेच काढला. एरवी पाच-पाच मिनिटं ऐकणारा माणूस! म्हणाला, पट्टा सैल आहे. पट्टा ताणला, तेल कमी होतं ते भरलं, दिली पाठवून. जखम मांडीला अन् मलम शेंडीला. आठ दिवसांत गाडी परत, तसंच रडत.

दुसऱ्या वेळी मात्र त्यानं नीट बघितलं. तेलाच्या डबीचं झाकण काढलं तर आत सगळा फेस. तेल बाहेर कुठंच गळत नव्हतं, म्हणजे हवा आत शिरत होती. डबीतून पंपाकडे जाणारा जो रबरी पाइप असतो, त्याच्या जोडावर त्यानं बोटभर ग्रीस थापलं, आणि आवाज एकदम बंद! थोड्या वेळानं ग्रीस आत ओढलं गेलं आणि पुन्हा सुरू. "सापडला चोर," तो म्हणाला. पाइपला केसाएवढी चीर होती. तेल गळायला ती पुरत नाही, पण पंप ओढायला लागला की हवा आत घेते. त्यानं बुआपानला बोलावून दाखवलं. "ही बघ डबी. तुझा सगळा आवाज इथून येतो. थाविन नाही, हवा आहे." ती वाकून डबीकडे बघत राहिली.

पाइप बदलल्यावर आतली हवा काढावी लागते. पुढची चाकं जॅकवर उचलायची, इंजिन बंद ठेवायचं, एकानं आत बसून स्टिअरिंगचं चाक हळूहळू ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि दुसऱ्यानं डबीत बुडबुडे बघायचे. तो एकटाच काम करतो, त्यामुळे चाकावर मला बसवलं.

"डावीकडे," तो बॉनेटमागून म्हणाला. मी वळवलं. "अजून. थांब. आता उजवीकडे. सावकाश. डावीकडे. उजवीकडे."

आणि मग आवाजच नाही. मी चाक धरून बसले. "अरे, पुढे काय?" काहीच नाही. उतरून बघितलं तर तो डबीवर वाकलेला, डोळे डबीत, आणि ओठ हलतायत पण शब्द फुटत नाही. मी म्हटलं, उन्हात राबतोस, पाणी पी. मला तेव्हा काय ठाऊक!

गाडी गप्प झाली. बुआपाननं आम्हाला केळफुलं आणून दिली, पण तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "आता विचारतही नाही तो," एवढंच म्हणाली. बारा दिवस गेले आणि गाडी पुन्हा रडायला लागली.

तिसऱ्यांदा झाकण काढलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. ते तेल लाल असतं. ते गुलाबी झालं होतं, दुधाळ, शाळेबाहेर बर्फ घालून गुलाबी दूध विकतात ना, थेट तसं. "पाणी," खामपोन म्हणाला. "ह्यात पाणी आलंय."

"मग काढ की."

"काढतो गं. पण आलं कुठून? रेडिएटरचा आणि ह्याचा संबंध नाही. हा वेगळा संसार आहे. ह्यात पाणी येऊच शकत नाही."

पाऊस संपून दोन महिने झाले होते. तरी त्यानं बॉनेटवर बादल्याच्या बादल्या ओतून बघितल्या. थेंब आत गेला नाही. सगळं तेल काढलं, धुतलं, नवं भरलं. गाडी चार दिवस आमच्याच छपराखाली ठेवली. सकाळ-संध्याकाळ झाकण काढून बघायचा, तेल माणकासारखं स्वच्छ. बुआपान गाडी घेऊन गेली, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा दूध. आमच्याकडे गाडी कोरडी, थाविनच्या अंगणात गेली की पाणी.

तेव्हापासून माझा नवरा बिघडला. जेवताना घास हातात तसाच. एकदा बोट तेलात बुडवून माझ्या नाकापुढे धरलं. "वास घे."

"तेलाचा येतोय. शी!"

"मोगऱ्याचा येतोय, लामाई."

मी ओरडले त्याच्यावर. पण रात्रभर... खोटं कशाला सांगू, मलाही तो वास आला होता, अगदी पुसट. थाविनला पेटीत ठेवण्याआधी आम्ही सगळ्यांनी एकेक करून त्याच्या उजव्या हातावर मोगऱ्याचं पाणी ओतलं होतं. खामपोननं सगळ्यात शेवटी ओतलं होतं.

आणखी दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या. सुटे भाग आणायला तो पुलावरून जायचा बंद झाला. अठरा किलोमीटरचा वळसा घालून खालच्या बंधाऱ्यावरून जायचा. आणि फोन. त्याचा फोन तांदळाच्या डब्यात सापडला मला, खोल खुपसलेला. वाजला की दचकायचा आणि उचलायचा नाही. गिऱ्हाइकं माझ्या फोनवर करायला लागली. "तुझ्या नवऱ्यानं दुसरी केली काय गं?" म्हणून एकानं विचारलं. मी म्हटलं, "दुसरी करायला तोंड धुवावं लागतं."

एक दिवस न्याहारीला तो मला म्हणाला, "ते पुलाखालचं पाणी आहे." भुतांचा राग असलेला माणूस हे बोलतो! मी भाताची टोपली खाली ठेवली. "काय म्हणालास?" तो उठून गेला.

नव्वदी उलटली होती. अष्टमीचा दिवस, विहारात जायचा. भन्त्यांना भोजन देऊन परत येताना मी भाजलेल्या दोन माशांची पानं घेऊन बुआपानकडे गेले. कुंपणाशी पोचले आणि थबकले. गाडी अंगणात उभी होती, बॉनेट उघडं. बुआपान पुढे उभी, हातात विहारातली वाटी. तिनं वाटी कपाळाला लावली, काहीतरी पुटपुटली, खामपोननं दाखवलेल्या त्याच डबीचं झाकण काढलं आणि वाटीतलं पाणी आत ओतलं. चमचाभर. मग दोन्ही हात जोडले.

"ताई!" मी किंचाळलेच. "अगं बाई, काय करतेस हे?"

तिला काही चुकतंय असं वाटलंच नव्हतं. "परित्राणाचं पाणी आहे," म्हणाली. "भन्त्यांनी दिलंय. दर अष्टमीला आणते."

वाटीत मोगऱ्याच्या तीन पाकळ्या तरंगत होत्या. मला हसू फुटलं, मग रडू फुटलं, मग दोन्ही. इतके दिवस माझा नवरा नदीच्या पाण्याला भिऊन अठरा किलोमीटर वळसे घालत होता, आणि पाणी ह्या वाटीतलं! "त्यात का ओततेस गं? घरात शिंपड, गाडीवर शिंपड!"

"दादाच म्हणाले ना, आवाज इथून येतो. जिथून रडतो तिथंच नको का द्यायला?"

चूक कुठं होती तिची? मी तिथंच पायरीवर बसले. ती माझ्याजवळ बसली आणि ज्या गोष्टीवर ती इतके दिवस बोलली नव्हती, ती बोलली.

"तो पुलावर राहिलाय, लामाई. मला ठाऊक आहे. मी पुढे बसले होते, मागची सरकती काच उघडी होती. दादा प्रत्येक वळणावर सांगत होते, मी एकेक ऐकत होते. दवाखान्याच्या फाटकापाशी सांगितलं. तेलाच्या घाण्यापाशी सांगितलं. पूल आला आणि त्यांचा आवाज बंद झाला. अख्खा पूल. पूल संपून पुढचं वळणही गेलं, तरी नाही. वाऱ्यात काही ऐकूही येईना. मग गावाजवळ पुन्हा सुरू झालं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"त्यांना रडू आलं असणार गं. गळा दाटला असणार. माझ्या नवऱ्यासाठी रडणाऱ्या माणसाला मी कुठल्या तोंडानं विचारू, की तुम्ही सांगायचं विसरलात?"

मी घरी जवळजवळ धावत आले. पाणी सापडलं, हे सांगून नवऱ्याच्या डोक्यावरचं भूत उतरवायचं होतं मला. तो एका ट्रकच्या खाली झोपला होता. मी पाय धरून ओढलाच बाहेर. "अरे शहाण्या, काखेत कळसा! बुआपानताई दर अष्टमीला त्यात मंतरलेलं पाणी ओततेय. तूच दाखवलीस ना डबी तिला!" तो उठून बसला. हसेल असं वाटलं. जिवात जीव आला खरा क्षणभर. मग मी पुढचं सांगितलं, पूल, सरकती काच, आणि तिला काय वाटतं ते. "तुला रडू आलं म्हणून तू गप्प झालास, म्हणते. किती मोठ्या मनाची बाई बघ."

त्याचं तोंड असं झालं की मला वाटलं, ह्याला झटका आला.

"मी रडत नव्हतो," तो म्हणाला. "फोन आला होता."

"कुणाचा?"

"गिअरबॉक्सवाल्याचा. देतउदोम गावचा. खिशात वाजत राहिला, म्हटलं घेऊन ठेवतो. तो म्हणाला, दादा, माझा गिअर बायकोसारखा झालाय, मागे यायलाच तयार नाही. आणि मी हसलो, लामाई. थाविनच्या उशाशी बसून हसलो. त्याला म्हटलं, उद्या आण गाडी. फोन ठेवला आणि बघितलं तर पूल मागे गेला होता. नाणं मुठीतच होतं. एका हातात फोन, दुसऱ्यात उदबत्ती आणि नाणं."

"थांबवायची होतीस गाडी! मागे घ्यायला लावायचीस!"

"काय सांगून?"

मला इतका संताप आला की हाताला आलेलं फडकं मी त्याच्या अंगावर फेकलं. आणि फेकल्यावर वाईट वाटलं. नव्वद दिवस तो हे एकटा गिळून बसला होता. त्याला वाटत होतं, थाविनच पाणी घेऊन येतोय, पुलावरून, पुन्हा पुन्हा. पाण्याचा उलगडा झाला म्हणून काय झालं? पुलाचा झाला नव्हता. उलट आता खात्री झाली होती. तिनंही ऐकलं होतं.

"तू तिला सांगणार, की मी सांगू?" मी विचारलं.

त्यानं ते फडकं उचलून हात पुसले. मग म्हणाला, "आधी थाविनला सांगतो."

शंभराव्याच्या आदल्या दिवशी त्यानं गाडी मागवून घेतली. तेल काढलं, डबी, पाइप, पंप, सगळं तीनदा धुतलं, नवं तेल भरलं, हवा काढली. मी बुआपानला एवढंच सांगितलं, "ताई, वाटी घरात ठेव. जिथं राहिला तिथून आपण त्याला आणू या. खामपोन येतोय." तिनं का, कसं, काही विचारलं नाही. गाडी मी चालवते, म्हणाली.

दुपार टळली होती. आम्ही पूल ओलांडून पलीकडे गेलो, पेट्रोल पंपापाशी गाडी फिरवली आणि पुलाच्या तोंडाशी उभी केली. बुआपान चाकावर, मी तिच्या शेजारी. खामपोन मागे हौद्यात चढला, गुडघे टेकून बसला. एक उदबत्ती लावली. सरकती काच उघडी होती. त्याच्या ते लक्षात होतं की नाही, मी अजून विचारलेलं नाही.

"थाविन," त्यानं हाक मारली, "मी खामपोन. न्यायला आलोय. पूल आलाय, चल माझ्याबरोबर."

गाडी हलली. बुआपान माणूस पायी चालेल इतक्या वेगानं चालवत होती. मागून मोटारसायकली हॉर्न मारत निघून जात होत्या. नाणं पाण्यात पडल्याचं ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण त्यानं टाकलं ते मी आरशात बघितलं. आणि मग तो थाविनशी बोलायला लागला. वाट नव्हे, दुसरंच. फोन आला होता म्हणाला. गिअरबॉक्सवाला होता म्हणाला. त्याचा तो फालतू विनोदसुद्धा सांगितला, शब्दन् शब्द. मी हसलो रे, म्हणाला. तू तिथं निजलेला आणि मी हसलो. नंतर मी पुढच्या वळणावर सांगायला तोंड उघडलं, पण मला वाटलं, आता कुणाला सांगतोय मी? हौद्यात कुणी आहे का? म्हणून गप्प बसलो. गावाजवळ आलो तेव्हा लोकांनी ऐकावं म्हणून ओरडलो. लोकांसाठी, थाविन. तुझ्यासाठी नाही.

पूल संपून डावीकडे वळण होतं. बुआपाननं चाक वळवलं, आणि गाडीतून काही म्हणता काही आवाज आला नाही. कधी नव्हे इतकी गप्प होती ती गाडी. खामपोनचा शब्दन् शब्द आमच्या मानेवर येऊन पडत होता. मी बुआपानकडे बघायला धजले नाही. तिचे हात तेवढे बघितले. चाकावर होते, हलले नाहीत.

"डावीकडे वळतोय, थाविन," तो म्हणाला. मग भातगिरणी, मग कालव्याचं वळण. प्रत्येक ठिकाणी सांगत होता. आवाज बसत चालला होता.

गावात शिरायचं शेवटचं उजवं वळण आलं, आणि बुआपाननं गाडी थांबवली. इंजिन चालू, समोर रस्ता मोकळा.

मागून हाक आली, "उजवीकडे वळायचं, थाविन. गाव आलं."

ती वळली नाही.

तो थोडा थांबला, पुन्हा म्हणाला, "थाविन, उजवीकडे. घर आलं."

ती समोर बघत बसली. मी म्हटलं, "ताई, वळ ना." तिनं मान हलवली, नाही. "अजून सांगू दे," म्हणाली. "मी नव्व्याण्णव दिवस ऐकलं नाही."

त्यानं पुन्हा हाक मारली. पुन्हा. किती वेळा ते मी मोजलं नाही. मागे एक ट्रॅक्टर येऊन थांबला होता, त्या माणसानं हौद्यातली उदबत्ती बघितली आणि इंजिन बंद करून, टोपी काढून बसून राहिला. खामपोनची हाक घोगरी झाली, फाटली, आणि शेवटी त्यात वाट सांगणं उरलंच नाही. "थाविन, चुकलो रे मी. चल घरी. ती वाट बघतेय." आणि त्यापुढे नुसतं रडणं. माझ्या नवऱ्याला मी अठ्ठावीस वर्षांत रडताना बघितलं नव्हतं. त्याच्या बापाच्या मरणातही नाही.

तेव्हा बुआपाननं चाक वळवलं.

अंगणात गाडी लागली. उद्याच्या तयारीला आलेल्या बायका चुलीपाशी होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या. बुआपान उतरली. कुणाशी बोलली नाही, मागे गेली आणि हौद्याचा फाळका खाली पाडला. खामपोन आत गुडघ्यांवर तसाच बसला होता, विझत आलेली उदबत्ती धरून, मान खाली. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. फाळक्याच्या एका बाजूला सरकून ती उभी राहिली, जाणाऱ्याला वाट द्यावी तशी, आणि "सावकाश" म्हणाली. तिची नजर फाळक्यावरून खाली आली, अंगणातून हळूहळू दारापर्यंत गेली.

मग ती वळली आणि हात पुढे केला.

"दादा," म्हणाली, "आता तुम्ही पण उतरा."